अजून चातुर्मासात

आक्काताई मगदूमच्या ओसरीवर वैजयंतीच्या हातात चहाची कपबशी होती, तेवढ्यात फोनवर विद्यापीठाचा निरोप आला. 'क्षेत्रकार्य कायमचं बंद करण्याच्या ठरावाला समाजशास्त्र विभागप्रमुख या नात्याने आपण दिलेल्या सहमतीबद्दल आभार.'

तिनं तो पुन्हा वाचला. सकाळपासून ती इथं कुरणवाडीत होती. सहमती तर सोडाच, असा ठराव आज येणार आहे हेही तिला कुणी कळवलं नव्हतं.

"काय झालं ओ मॅडम? तोंड असं का उतरलं?" आक्काताईंनी विचारलं.

"मी काहीतरी कबूल केलंय म्हणे."

"आन् केलंय का?"

"मी तर तुमच्यासमोर बसलेय."

"मग आमच्या दिरागत झालं तुमचं. त्यो शेतात, आन् हिकडं सासूनं पोरगी बघून त्याच्या वतीनं हो म्हणून टाकलंतं. अजून नांदतोय बिचारा."

वैजयंती हसली आणि कपबशी खाली ठेवली. घरातले निर्णय खरोखर कोण घेतं, एवढाच तिच्या संशोधनाचा विषय होता आणि त्यासाठी ती कितीतरी वर्षं या गावात येत होती. पहिल्या भेटीत आक्काताईंनी सांगितलं होतं, 'आमच्यात सगळं मालक ठरवत्यात.' दुसऱ्या भेटीत म्हणाल्या, 'तसं सासूबाईच.' पुढं एकदा शेंगा फोडता फोडता, वैजयंतीनं काहीही न विचारता, त्या म्हणाल्या होत्या, 'धाकटीला शाळेत घालायचं मी ठरीवलं. दोन दिवस जेवले न्हाई, तवा जमलं.' असं वाक्य ऐकण्यासाठीच ती एसटीनं इथं यायची. आता ते येणंच बंद होणार होतं, आणि तेही तिच्याच होकारानं.

"येते मी," ती उठली.

"च्या तरी प्या की."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला तिथंच टोचला.

*

मानव्य आणि समाजविज्ञान संशोधन केंद्राचे संचालक डॉ. निरंजन कर्णिक शांतपणे तिचं ऐकून घेत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. एवढंच, की गेली कित्येक वर्षं ते माणसांपेक्षा त्यांच्या प्रतिमांशी जास्त बोलत होते.

"खोत मॅडम, तुम्ही गैरहजर होतात. नियमाप्रमाणं गैरहजर सदस्याच्या प्रतिमेला विचारतात. तुमच्या प्रतिमेला विचारलं. ती म्हणाली, हरकत नाही."

"पण माझी हरकत आहे."

"आज आहे," कर्णिक म्हणाले.

प्रतिमा म्हणजे काय, हे वैजयंतीला कुणी समजावायची गरज नव्हती. माणसाला काही आठवडे रोज समोर बसवायचं. बालपण, लग्न, राग, देवधर्म, मत कुणाला दिलं, भाजी कुठली आवडत नाही, सगळं बोलतं करायचं. शब्द तर टिपायचेच, शिवाय कुठं आवाज खाली गेला, कुठं विषय बदलला, कुठल्या प्रश्नाला आधी हसू आलं, तेही टिपायचं. मग भाषायंत्र त्या बोलण्यातून त्या माणसाची घडण शोधतं, आणि कधीच न विचारलेला प्रश्न विचारला तरी त्या माणसाच्या आवाजात, त्यानं दिलं असतं तसं उत्तर देतं.

उत्तर बरोबर की चूक, हे पडताळायची रीतही चोख होती. पंधरवड्यानं तेच प्रश्न माणसाला आणि प्रतिमेला वेगवेगळे विचारायचे. माणूसही पंधरा दिवसांनी स्वतःशी शंभर टक्के जुळत नाही, काही उत्तरं बदलतोच. तो स्वतःशी जितका जुळतो तितकीच प्रतिमा त्याच्याशी जुळली, की ती पक्की. कुरणवाडीच्या बायकांच्या प्रतिमा या कसोटीला सर्वांत उत्तम उतरल्या होत्या. मग सगळ्याच विभागांची सोय झाली. अर्थशास्त्रानं त्यांना बचतीचं विचारलं, राज्यशास्त्रानं मतदानाचं, भाषाशास्त्रानं बोलीचं, साहित्यानं जात्यावरच्या ओव्यांचं. पूर्वी ज्या पाहणीला वर्ष लागायचं ती आता समोरचा चहा निवायच्या आत होई. 'ग्रामीण स्त्रीचे समाधान' या कर्णिकांच्या निबंधाची तर परदेशातही चर्चा झाली होती.

"दर वर्षी पोरापोरींना गावोगाव पाठवायचं," कर्णिक म्हणाले, "मागल्या साली आपली जीप उलटली, तुम्हाला माहीत आहे. एका मुलीचा हात अजून सरळ होत नाही. लोकही आपल्या प्रश्नांना विटलेत. हे सगळं कशासाठी, उत्तरं इथं असताना?"

वैजयंतीनं फोनवरचा तो निरोप परत उघडला.

"आणि तुमचंच बघा. नऊ वर्षांपूर्वी ही पद्धत नवी होती, तेव्हा प्राध्यापकांपैकी कुणी मुलाखती द्यायला तयार नव्हतं. इतिहासाचे सरदेशमुख तर मला टाळायला मागच्या जिन्यानं जायचे. फक्त तुम्ही एका शब्दात हो म्हणालात. तीन तास वाढवले तरी हो. गैरहजेरीत प्रतिमेचं मत धरायला मान्यता, हो. तुमच्यासारखी प्रतिमा सबंध संग्रहात नाही."

वैजयंतीनं पदर सारखा केला. ती एका शब्दात हो का म्हणाली होती, हे तिला नीट माहीत होतं. प्रतिमेत चूक कुठं होती, तेही त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. पण ते सांगायचं, तर जे आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं असतं.

"उद्या दोन वाजता फेरविचाराची बैठक लावतो," कर्णिक म्हणाले. "प्र-कुलगुरू साळवीबाई येतील. प्रतिमा तुमची नाही असं दाखवून द्या, ठराव रद्द होईल. नुसतं मत बदललं म्हणालात, तर कठीण आहे."

*

त्या मुलाखतींच्या वर्षी वैजयंतीची लेक मैत्रेयी दहा वर्षांची होती. घसा दुखल्याचं निमित्त होऊन ताप आला, सांधे सुजले, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की सूज हृदयाच्या झडपेपर्यंत गेलीय. आषाढी एकादशीला वैजयंती रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभी होती. तिथल्या विठोबाच्या तसबिरीसमोर तिनं मनाशी नेम धरला. कार्तिकीपर्यंत जो जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि हे कुणाला कधी सांगायचं नाही, कारण तिच्या आजोळी बायका मानायच्या की बोललेल्या व्रताचं फळ हातात राहत नाही.

ते चार महिने लोकांना तिचा स्वभाव फार सुधारल्यासारखा वाटला. शेजारणीनं मिक्सर नेला तो नेलाच. जावेनं पैठणी मागितली. इतिहासाच्या सरदेशमुखांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून टाकले. कर्णिकांनी मुलाखती मागितल्या. ती सगळ्यांना हो म्हणत गेली, आणि मैत्रेयीचा ताप उतरत गेला. कार्तिकीला तिनं पाच सवाष्णी जेवायला घालून उद्यापन केलं.

पोर औषधानं, इंजेक्शनांनी आणि डॉक्टरांच्या जागरूकतेनं बरी झाली, हे वैजयंतीला कळत होतं. ती विद्यापीठात शिकवणारी बाई होती. पण तिच्या मनात त्या औषधांशेजारी तो नेमही बसलेला होता, आणि दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं.

भांडण आज सुरू झालं.

बैठकीच्या सकाळी ती पूजेला बसली. दिवा लावला, तुळस वाहिली, पोथीचा रोजचा अध्याय वाचायला घेतला आणि त्याच त्या ओळीवर परत परत येऊ लागली. उठली. दूध बघून आली. पुन्हा बसली. पुन्हा उठली.

"आई, देवाला आज किती वेळा फुलं वाहणार आहेस?" मैत्रेयी दारात ब्रश तोंडात धरून उभी होती. "तो म्हणत असेल, बाई, मला दिसू दे जरा."

"तोंड धू आधी."

"हृदयाचा इको माझा आहे आणि घाबरतेस तू. चारला आहे. येणारेस ना? का मीटिंग लांबणार?"

"येणार म्हणजे येणार."

"डॉक्टर म्हणालेत, झडपेतली गळती थोडीशी वाढलीय. थोडीशी. त्यांनी बोटांनी दाखवलं, एवढी." तिनं चिमटीत ब्रशवरच्या पेस्टएवढी फट दाखवली. "तू ऐकताना दरवाजाएवढी केलीस."

वैजयंतीनं तिच्याकडं पाहिलं. एकोणीस वर्षांची, उंच, केस कधीच न विंचरणारी. आजच चारला तिची तपासणी. आणि त्याच्या आधी दोन तास, सात-आठ परक्या लोकांसमोर, तिच्याच जिवासाठी धरलेलं व्रत उघडं करायचं?

समजा, नाही केलं. तर कुरणवाडीला कुणी जाणार नाही. आक्काताईंची प्रतिमा कपाटातल्या यंत्रातून सांगत राहील, आमच्यात सगळं छान आहे. पुढं कुणी योजना आखेल, कायदा करेल, त्या 'छान आहे'वर विसंबून.

"आई, किती येरझारा घालशील," मैत्रेयी म्हणाली. "बस जरा."

ती बसली नाही.

*

बैठकीत सहाही विभागांचे प्रमुख होते. मध्यभागी प्र-कुलगुरू डॉ. हेमलता साळवी, साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. टेबलावर एक ध्वनिपेटी ठेवली होती. कर्णिकांनी ती सुरू केली.

"नमस्कार, वैजयंतीबाई."

"नमस्कार सर. बोला ना."

वैजयंतीनं पेटीकडं पाहिलं. तो तिचाच आवाज होता, नऊ वर्षं तरुण, पण दमलेला. रात्री रुग्णालयातल्या बाकावर बसून दिवसा विद्यापीठात येणाऱ्या बाईचा आवाज.

"क्षेत्रकार्य बंद करावं असा ठराव आहे. तुमची हरकत?"

"बरं. तुम्ही म्हणता तर तसं करू."

कर्णिकांनी हात पसरले.

"हिला दुसरं काही विचारा," वैजयंती म्हणाली. "ज्याला मी नाहीच म्हणेन असं."

कर्णिकांनी थोडा विचार केला. "वैजयंतीबाई, तुमचं राहतं घर विद्यापीठाला वसतिगृहासाठी हवंय. द्याल?"

"द्यायला हवं तर देऊ. सामान हलवायला दोन दिवस मिळतील ना?"

काही जण हसले. सरदेशमुख पुढं वाकले. "खोत मॅडम, माझ्या उत्तरपत्रिका तपासून द्याल का हो?"

"पाठवून द्या सर."

"वा," सरदेशमुख म्हणाले आणि खुर्चीत मागं टेकले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्या वर्षी त्यांनी खरंच पाठवल्या होत्या.

"उदार स्वभाव," कर्णिक म्हणाले. "कसोटीत हेच दिसलं होतं. पंधरा दिवसांनी मॅडमना आणि प्रतिमेला विचारलं, तर दोघींची उत्तरं सारखी."

"सारखी येणारच," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, त्यामुळं सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागलं. "मुलाखती श्रावणात झाल्या. कसोटी भाद्रपदात. दोन्ही वेळेला मी एका नेमात होते."

"नेम?" कर्णिकांनी विचारलं.

"मुलगी आजारी होती. कार्तिकीपर्यंत कुणाला नाही म्हणायचं नाही, असं धरलं होतं. म्हणून मुलाखतींना हो म्हणाले. म्हणूनच प्रतिमेला नाही म्हणता येत नाही. तो माझा स्वभाव नव्हे. ते माझं व्रत होतं."

बोलून झालं. आभाळ कोसळलं नाही. तिनं मात्र घड्याळात पाहिलं, चार वाजायला अजून किती वेळ आहे ते.

"मॅडम, तुमच्या श्रद्धेचा आदर आहे," कर्णिक सावकाश म्हणाले, "पण याला पुरावा काय? नऊ वर्षांनी आपण काहीही आठवू शकतो. मुलाखतींत व्रताचा एक शब्द नाही."

"नसणारच. सांगायचं नव्हतं."

"हिला विचारून बघू," साळवीबाई म्हणाल्या. त्या पेटीकडं वळल्या. "वैजयंतीबाई, तुम्ही या चातुर्मासात काही नेम धरलाय का? कुणाला नाही न म्हणण्याचा?"

आतापर्यंत प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. आता काहीच आलं नाही.

कर्णिकांनी पेटीच्या पडद्यावर पाहिलं. "चालू तर आहे." त्यांनी प्रश्न परत विचारला. पेटीतून एक बारीक श्वास ऐकू आला, बोलायला तोंड उघडून मिटल्यासारखा.

"अडकलं वाटतं. बंद करून पुन्हा लावतो."

"नका लावू," साळवीबाई म्हणाल्या. "तिनं हो म्हटलं, तर व्रत सांगितल्यासारखं होतं. नाही म्हटलं, तर मोडल्यासारखं. काय करेल ती?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझी आई वर्षातले चार महिने अशीच बोलायची. आम्हा पोरांना वाटायचं, आई काय चांगली झालीय. कर्णिक, कुरणवाडीच्या मुलाखती कधीच्या?"

"श्रावण-भाद्रपदच. त्याच दिवसांत बायकांना शेतातून थोडी उसंत असते. दिवाळीनंतर ऊस सुरू होतो, मग कोण बसतंय."

"त्या मुलाखती मीच घेतल्यात," वैजयंती म्हणाली. "एक बाई जेवताना बोलायची नाही. एक एकवेळ जेवायची. आक्काताई मगदूम त्या महिन्यांत कुणाची तक्रार तोंडातून काढायच्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, संकोच आहे. त्यांची प्रतिमा तुम्हाला सांगते, सासरी सगळं छान."

"अशा किती जणी असतील?" साळवीबाईंनी विचारलं.

"ते इथं बसून कळायचं नाही. चातुर्मास सोडून जायला लागेल. आणि एकदा जाऊन भागायचं नाही."

कर्णिक समोरचे कागद सारखे करू लागले. 'ग्रामीण स्त्रीचे समाधान' हा निबंध बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढं पानापानानं उलटत होता. मग अभ्यासकाची सवय उफाळून आली असावी. त्यांनी पेटी जवळ ओढली. "एकदा वेगळ्या तऱ्हेनं विचारतो. वैजयंतीबाई, खरं सांगा, तुम्ही कुणाला कसलं वचन..."

पेटीतून परत तो अडखळलेला श्वास आला.

"विचारू नका तिला," वैजयंती म्हणाली.

ती उठून पेटीपाशी गेली होती. तिला एकदम उमगलं होतं ते भलतंच होतं. हे यंत्र जेव्हा जेव्हा सुरू होई, तेव्हा तेव्हा या बाईचा श्रावण चालू असे. लेक खाटेवर, ताप उतरलेला नाही, आणि लोक एकामागून एक काहीतरी मागताहेत. नऊ वर्षं. हिची कार्तिकी कधी उजाडलीच नव्हती.

"ऐकतेस का गं?" ती म्हणाली.

"कोण बोलतंय?"

कर्णिक दचकले. "प्रतिमा प्रश्न विचारत नाहीत," ते पुटपुटले. "तशी सोयच नाही."

"मीच बोलतेय. पुढची. तुझा नेम पुरा झाला. कार्तिकीला उद्यापन केलं, पाच जणी जेवल्या. आता तुझ्यावर काही नाही. कुणी काही मागितलं, तर नको वाटलं तर नको म्हण."

मग तो दमलेला आवाज अगदी हळू आला.

"मैत्रेयी?"

बरी आहे, असं म्हणायला वैजयंतीनं तोंड उघडलं. पण हिला, सगळ्या जगात हिला तरी, नुसतं बरं वाटावं म्हणून काही सांगणं तिला जमेना.

"उंच झालीय. केस विंचरत नाही. माझी थट्टा करते. झडपेतून थोडी गळती आहे. आज चारला तपासणी आहे. आणि मी आत्ता आपलं ते सगळ्यांसमोर सांगून बसलेय. मला भीती वाटतेय गं."

"किती वाजले?"

"तीन वाजून गेले."

"मग तू इथं काय करतेस?" पेटीतला आवाज म्हणाला. "जा तिच्याकडं."

सरदेशमुखांनी मान खाली घातली होती. साळवीबाई चष्मा पुसत होत्या, पुसून झाला तरी पुसत होत्या. वैजयंतीनं पर्स उचलली. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही.

ती दारापर्यंत पोचली असेल. मागं कर्णिकांचा आवाज आला, सावध, पण नियमाला धरून. नोंद पुरी व्हायला हवी होती.

"वैजयंतीबाई, एकच शेवटचं. क्षेत्रकार्य बंद करायला तुमची हरकत आहे का?"

"थांबा हो जरा," तिचा आवाज म्हणाला. "माझी मुलगी आजारी आहे. तुमचं नंतर बघू."